पाटावरची गाणी

फाइलीचा आकार शून्य दिसत होता. सुशांतनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, तरी शून्यच. काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांची एक ओळ होती. नाव त्यानंच दोन वर्षांपूर्वी दिलेलं, तारीख मात्र आजची, वेळ सकाळच्या चहाची, आणि शेजारी तो निर्लज्ज शून्य. दोन वर्षांपूर्वीच्या फाइलीवर आजची तारीख कशी, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला आणि मागोमाग उत्तरही आलं. उत्तर आलं तेव्हा तो ओरडला नाही की त्यानं कपाळावर हात मारून घेतला नाही. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, नळाखाली तांब्या धरला आणि तांब्या भरून वाहायला लागला तरी तसाच उभा राहिला. खालच्या मजल्यावर कुणीतरी करंज्याच्या बंदरावरून आणलेले सुके बोंबील भाजत होतं. एरवी या वासानं तो खिडकी लावून घेई. आज त्याला त्याची आठवणच झाली नाही.

उद्या किशोरी येणार होती. पुण्याहून सकाळची गाडी, पळस्प्याला उतरायचं, तिथून रिक्षा, आणि चहा झाला तर झाला, नाहीतर तशीच परत. वेगळं व्हायचं दोघांनी ठरवलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं, आणि वकिलाला तेच जरा चमत्कारिक वाटलं होतं. भांडी, कपाट, दिवाण, गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी, कशावरही तिनं हक्क सांगितला नाही. दारात चपला घालता घालता ती एवढंच म्हणाली होती, "मला काही नको. गाणी तेवढी दे. आहेत ना तुझ्याकडे नीट?" आणि तो म्हणाला होता, "आहेत." सगळ्या संसारात तिनं त्याच्याकडे मागितलेली ही बहुधा एकच गोष्ट, आणि तीही नेमकी त्याच्या कामातली. दुसऱ्यांचे डेटाबेस या मशीनवरून त्या मशीनवर हलवणं यावरच त्याचं पोट होतं. विमा कंपन्यांचे, मालवाहतूकवाल्यांचे, एकदा तर एका अख्ख्या बँकेचे त्यानं हलवले होते आणि कुणाचा दाणाही सांडू दिला नव्हता. त्यामुळे त्यानं "आहेत" म्हटलं यात फुशारकी नव्हती. गाणी खरोखरच होती, आज सकाळपर्यंत.

झालं ते इतकं फालतू होतं की दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं त्याची गंमत केली असती. गाणी ज्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली होती तो जुना झाला होता आणि कंपनी तो आज संध्याकाळी बंद करणार होती. म्हणून सुशांतनं सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून लॅपटॉप उघडला. टेबलं, म्हणजे डेटाबेसमधले तक्ते, एक्सपोर्ट करायची कमांड लांबलचक असते. ती पुन्हा कोण टाइप करणार? या धंद्यातला कुणीही करतो तेच त्यानं केलं. वरच्या बाणाची कळ दाबत दाबत जुन्या कमांडी मागे मागे चाळल्या आणि दोन वर्षांपूर्वीची, गाण्यांची पहिली प्रत काढतानाची कमांड सापडली. किशोरीनं जाण्याआधी पासवर्ड बदलून त्याला देऊन ठेवला होता, तो मधे चिकटवला आणि एंटर दाबलं. उत्तर आलं: ॲक्सेस डिनाइड. आत येऊ नका. नव्या पासवर्डच्या मधोमध डॉलरचं चिन्ह होतं आणि अवतरणचिन्हांत न घालता दिलेलं डॉलर कमांडलाइन गिळून टाकते, पुढच्या अक्षरांसकट. हे त्याच्या क्षणात लक्षात आलं, तो गालात हसलासुद्धा. पासवर्ड अवतरणात घातला. फाइलीच्या नावाला आजची तारीख जोडली, कारण जुन्या प्रतीवर नवी लिहू नये हे तो नव्या पोरांना नेहमी बजावत असे. पण आधीच्या, फसलेल्या कमांडच्या शेवटी जुन्याच फाइलीचं नाव होतं. आणि मशीनचा शिरस्ता असा की ती आधी फाइल लिहायला घेते, म्हणजे रिकामी करते, आणि मग कामाला जाते. काम दारातच अडलं. फाइल तोवर रिकामी झाली होती. आत येऊ नका म्हणणाऱ्यानं आत पाऊलही टाकू दिलं नव्हतं आणि इकडे घर धुऊन निघालं होतं. ही चूक शिकवताना तो फळ्यावर मोठी खूण करत असे.

तरीही सकाळी हे त्याला कळलं नाही, कारण तेव्हा जुन्या फाइलीकडे बघायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या वेळी कमांड नीट चालली. टेबलांची नावं एकेक करून सरकली: गावं, गायिका, शब्द, टिपा. मग 'धवले' हे खुद्द गाण्यांचं टेबल आलं आणि मधेच गाडी थांबली. लॉस्ट कनेक्शन. सर्व्हरशी संपर्क तुटला, अमुक ओळीपाशी. त्यानं पुन्हा चालवली, पुन्हा त्याच ओळीपाशी. असल्या वेळी त्याला बरं वाटतं, खोटं कशाला बोला. चूक एकाच जागी पुन्हा पुन्हा होत असेल तर ती चूक शहाणी असते, तिला काहीतरी म्हणायचं असतं. माणसांचं तसं नसतं, असं तो एकदा किशोरीला म्हणाला होता. किशोरी तेव्हा भाजी निवडत होती. ती म्हणाली होती, "माणसंही एकाच जागी चुकतात, सुशांत. तू ती जागा बघत नाहीस." तो त्यावर काय म्हणाला होता ते आता त्याला आठवेना.

त्यानं शिस्तीत एकेक कारण तपासलं. एका वेळी पाठवायचं माप लहान पडत असेल म्हणून ते वाढवलं. वाट बघायची मुदत वाढवली. टेबलाला कुलूप न लावता वाचून पाहिलं. संपर्क तुटत राहिला. मग त्यानं सर्व्हरची स्वतःची नोंद वाचली आणि त्याला कळलं की संपर्क तुटत नव्हता, त्या ओळीला हात लावला की पलीकडचा डेटाबेसच कोसळत होता आणि पुन्हा उठून उभा राहत होता. टेबलाचा मधला तुकडा डिस्कवरच सडला होता. नावांच्या यादीत टेबल आहे, ओळींची संख्या सांगतं आहे, पण ओळ मागितली की मरतं. सुशांत खुर्चीत मागे टेकला. वरून एक विमान उतरायला निघालं होतं. विमानतळ सुरू झाल्यापासून नवीन पनवेलमधली सगळी माणसं बोलता बोलता मधेच थांबायला शिकली होती. त्यानं विमान जाऊ दिलं आणि मग मनाशी म्हटलं, जाऊ दे, जुनी प्रत आहे. तिकडे वळला तो या शून्यावर येऊन आदळला.

तांब्या वाहत होता. त्यानं नळ बंद केला आणि पुन्हा मशीनपुढे येऊन बसला. पुसलेली फाइल परत आणायची हत्यारं असतात, ती त्यानं चालवून बघितली, पण नुसतं चालवायचं म्हणून. या नव्या डिस्का रिकाम्या झालेल्या जागा मागाहून स्वतःच झाडून पुसून ठेवतात, हे त्याला माहीत होतं. इतकी स्वच्छता कुणी सांगितली होती? आणि मग हात थांबल्यावर त्याची नजर कळफलकावर गेली. तोच लॅपटॉप. 'ह'ची कळ अजून पिवळी होती. ती हळद नेलपेंट काढायच्या पाण्यानंही गेली नव्हती. किशोरीनं स्वतः कापसानं घासून बघितलं होतं आणि शेवटी म्हणाली होती, "राहू दे. बरी दिसते."

गव्हाण गावातलं ते अंगण. किशोरी तेव्हा इथल्या कॉलेजात मराठी शिकवत होती आणि आगरी-कोळ्यांच्या लग्नातले धवले गोळा करायचं तिच्या डोक्यानं घेतलं होतं. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो सांगणारी धवलारीण म्हणजे लग्नातली अर्धी भटजीच. गावोगावच्या लग्नांतून किशोरी थोडं थोडं उतरवून आणत होती, पण हल्ली हळदीला डीजे लागतो, त्यात म्हातारीचा आवाज कुठला ऐकू येणार? म्हणून ती गव्हाणच्या गुणाबाईंच्या दारी गेली. घरी निवांत बसून सगळे धवले सांगा, अशी तिची विनंती. गुणाबाई म्हणजे किडकिडीत, कानात मोठाल्या बुगड्या, कमरेला घट्ट लुगडं. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, मशीनवर आवाज घ्यायचा नाही. कुणीतरी त्यांचा आवाज धरून, त्याच्याखाली ढोल-ताशे घालून गावभर वाजवला होता आणि ते त्यांना भलतंच लागलं होतं. लिहून घ्यायचं तर घ्या. दुसरी अट ऐकून किशोरी तिथेच हसत सुटली आणि घरी येऊन सुशांतला सांगताना पुन्हा हसली. गुणाबाई म्हणाल्या होत्या, "नवरा-नवरी नाय त धवला कुनाला सांगू? भिंतीला?"

म्हणून सुशांत आणि किशोरी नवरा-नवरी होऊन बसले. लग्न होऊन बरीच वर्षं झालेली दोन माणसं, गुणाबाईंच्या अंगणात, शेजारी शेजारी पाटावर. एरवी कुणी सांगितलं असतं तर सुशांतनं कामाचं निमित्त काढलं असतं, पण किशोरीला मराठी टायपिंग जमत नसे आणि त्याचा हात भराभर चालत असे. तेव्हा तो नवराही होता आणि कारकूनही. डोक्याला बाशिंग, मांडीवर लॅपटॉप. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. गुणाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पाटाभोवती रांगोळी घातली, नारळ ठेवला, वाटीत हळद कालवली आणि आधी त्याच्या गालाला लावली. "नाव सांग नवरीचा." तो म्हणाला, "किशोरी." "असा नको. लाजून सांग." आता लाजायचं कसं ते त्याला समजेना. किशोरी म्हणाली, "आजी, तो लाजत नाही. तो काहीच करत नाही." "मंग मुका हाय काय गो नवरा तुजा?" म्हणून गुणाबाईंनी उरलेली हळद त्याच्या हातालाही फासली, आणि त्याच हातानं तो लिहायला लागला, कारण म्हातारीनं सूर धरला होता आणि ती कुणासाठी थांबणार नव्हती.

तेव्हा काय वाटलं, हे त्याला नंतर किशोरीनं विचारलं होतं. "काही नाही, जरा पाठ भरून आली." तो खोटं बोलला नव्हता, त्याला खरोखरच तेवढंच जाणवलं होतं. पाठ, पिवळे हात, मधेच मांडीवर चढू बघणारं मांजर, आणि शब्द. म्हातारीचा शब्द संपायच्या आत तो पडद्यावर आला पाहिजे, एवढंच. त्यामुळे धवल्याचा अर्थ त्याच्या कानांवरून गेला आणि बोटांतून उतरला. आत मुक्काम केला की नाही कुणास ठाऊक. गुणाबाईंची पद्धत अशी की नावं ओवून गायचं. जो नवरा पाटावर त्याचं नाव, जी नवरी तिचं. त्याचं नाव त्यांच्या तोंडी लांबून, वळून, भलतंच मोठं होऊन बाहेर येई, आणि तो ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं टाइप करी. "सुशांत नवरा गो बसला पाटावरी, किशोरी नवरीची गो नजर दारावरी." मधे एकदा किशोरीनं कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, "ऐकलंस? म्हातारी कशी बघते बघ. मी खरंच दाराकडे बघत होते." सुशांत म्हणाला, "बोलू नकोस, ओळ चुकेल."

उन्हं कलली तरी धवले चालूच होते. शेवटी गुणाबाईंनी दोघांना नारळाचं खोबरं दिलं, बाशिंगं सोडली आणि म्हणाल्या, "आता तुमचं दोनदा लगीन झाला. आता सुटाया नाय." सगळे हसले. परतताना गाडी सुशांत चालवत होता, किशोरी शेजारी. उरण रस्त्यावर कंटेनर एकामागे एक अडकले होते आणि ती काचेला डोकं टेकून बसली होती. गालावरची हळद पुसलेली नव्हती. "मी एक विचारू?" "विचार." "पहिल्या लग्नात तुला काही वाटलं होतं?" पुढचा कंटेनर हलला म्हणून त्यानं गिअर टाकला. तो उत्तर द्यायचं टाळत नव्हता. त्याला खरोखर आठवायचं होतं, आणि आठवेपर्यंत घर आलं. ते राहिलेलं उत्तर तिनं पुन्हा कधी मागितलं नाही. सुशांतला आज, या शून्यासमोर बसून, पहिल्यांदाच असं वाटलं की तिनं ते तेव्हाच मागणं सोडलं आणि बाकीचं सगळं त्यानंतर हळूहळू सुटत गेलं. हा विचार त्याला आवडला नाही. तो त्यानं बाजूला सारला आणि कामाला लागला.

सडलेलं टेबल मधून फोडायचं असतं. सुरुवातीपासून एका आकड्यापर्यंतच्या ओळी आधी मागायच्या, मग शेवटाकडून मागे यायचं, आणि खराब जागेला दोन्ही बाजूंनी जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. तो असा सरकत राहिला. पुढचा भाग आला. तो किशोरीनं लग्नांतून उतरवलेल्या गाण्यांचा होता: उलव्याचं एक लग्न, करंज्याची दोन, अर्धवट, डीजेत बुडालेली. शेवटाकडचा भाग आला, तोही तसाच. मधे हात घातला की सर्व्हर कोसळे. मग त्यानं सेटिंगमध्ये कोसळलेला डेटाबेस जबरदस्तीनं उभा करायची ओळ घातली. ती एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढवत न्यायची असते आणि प्रत्येक पायरीला पुस्तकात ताकीद लिहिलेली असते की आता तुमची जबाबदारी तुमच्यावर. अगदी शेवटच्या पायरीवर काही ओळींचे नुसते क्रमांक आले. मजकुराच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं, आणि मधेच एकदा स्पष्ट, धडधाकट मराठीत एकच शब्द: "नवरीची". मग तेही गेलं. खराब जागा कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आता त्याला ओळींच्या तारखांवरून नेमकं माहीत झालं होतं. आधीची लग्नं वाचली होती, नंतरची लग्नं वाचली होती. गेलं होतं ते गव्हाणचं अंगण, पूर्ण, एकही ओळ मागे न ठेवता.

त्यानं सर्व्हरच्या कंपनीत फोन लावला. शैलेश नावाचा तिथला माणूस नेहमी बोलायचा, आदबीचा आणि घाईत असलेला. "सर, डिस्कच गेलीय ती. आम्ही म्हणून तर बंद करतोय. मी बघितलं, त्याच्यावर काही होण्यासारखं नाही."

"तुमच्याकडे प्रत?"

"बॅकअपचा प्लॅन तुम्ही घेतलाच नव्हता ना सर. तुम्ही म्हणाला होतात, मी स्वतः ठेवतो."

"हो. म्हणालो होतो."

"क्लायंटला दाखवायला लेटर हवंय का? डिस्क फेल्युअर म्हणून देतो लेटरहेडवर. तुमच्यावर येणार नाही."

सुशांतनं फोन कानापासून जरा दूर धरला. शैलेश "सर? सर?" करत राहिला. पत्र खोटं नव्हतं, हीच तर गोम होती. डिस्क खरंच गेली होती. त्या पत्रात एकही शब्द खोटा नसता आणि किशोरीनं ते वाचून मान हलवली असती. नशीब, म्हणाली असती. तिला कमांड, बाण, डॉलर यातलं काही कळत नाही; तिनं कधीच विचारलं नसतं की तुझी जुनी प्रत कुठे गेली, आणि विचारलं असतं तरी तीही त्या सर्व्हरवरच होती म्हणून सांगता आलं असतं. सगळ्या आयुष्यात त्याला स्वतःची बाजू मांडायची कधी गरज पडली नव्हती, कारण तो कधी कुठल्या बाजूला उभाच राहिला नव्हता. "नको," तो म्हणाला. "लेटर नको." मग उगाच म्हणाला, "थँक यू." फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली. अशी भीती वाटल्याचं त्याला लहानपणानंतर आठवत नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त त्याला माहीत होती. किशोरीनं त्याला तेव्हाच सांगून ठेवलं होतं की धवल्यांतली आपली नावं काढून टाक, तिथे मोकळी जागा ठेव, कारण हे काम अभ्यासाचं आहे आणि उद्या कुणी वाचलं तर हसेल. दोन नावं सगळ्या टेबलात शोधून पुसायला एक कमांड पुरते. ती त्यानं एकदा लिहिलीही होती. सगळी लिहून झाल्यावर, एंटरवर बोट ठेवून, तो थोडा वेळ बसला होता, मग त्यानं ती ओळ खोडून टाकली आणि किशोरीला म्हणाला, करतो सावकाश. पुढे ती विसरली. त्यानं मात्र कधी केलं नाही. आळस म्हणून केलं नाही असं तो स्वतःला सांगत आला होता, आणि त्याला स्वतःचं सगळं पटत असे. आज पटेना. ती नावं त्याला हवी होती. म्हातारीच्या तोंडी मोठं झालेलं त्याचं नाव आणि त्याच्या पुढच्या ओळीत तिचं, असं कुठेतरी लिहिलेलं असावं, त्यानं ते कधी उघडून वाचलं नाही तरी चालेल, पण असावं. एवढी साधी गोष्ट कळायला टेबल सडावं लागलं, याचा त्याला राग आला, आणि रागावून तो जागच्या जागी बसून राहिला.

संध्याकाळी, जरा उजेड असतानाच, काळ्या खिडकीतली शेवटची जोडणी तुटली. यावेळी चूक नव्हती. कंपनीनं सर्व्हर बंद केला होता. त्यानं फोन उचलला आणि किशोरीला लावला. पलीकडे मिक्सर चालू होता.

"बोल," ती म्हणाली. "उद्याचं ना? मी अकरापर्यंत पोचते. पेनड्राइव्ह मी आणते आहे, तू शोधू नकोस."

"किशोरी, मधली गाणी गेली."

"कुठली मधली?"

"गव्हाणची. आपण बसलो होतो ती."

मिक्सर बंद झाला. "गेली म्हणजे?"

"सर्व्हरची डिस्क खराब झाली होती. पण ते कारण नाही." तो खुर्चीतून उठला. "माझ्याकडे जुनी प्रत होती. चांगली होती. ती आज सकाळी मी पुसली. चुकून, पण मीच. वरच्या बाणानं जुनी कमांड आणली आणि वाचली नाही. तुला समजणार नाही, पण त्यात समजण्यासारखं काही नाहीच. मी वाचली नाही, एवढंच."

तिच्या घरातलं घड्याळ त्याला ऐकू येत होतं, किंवा ते त्याच्याच घरातलं असेल. तो बोलतच राहिला. आधीची वाचली आहेत, नंतरची वाचली आहेत, करंज्याची दोन्ही लग्नं आहेत, शब्दांचं टेबल पूर्ण आहे, असं सगळं, नेहमी ग्राहकांना सांगतो तसं, क्रमानं. आणि अचानक मधेच त्याचा आवाज फाटला. त्याला स्वतःलाच कळेना की हे काय झालं. "मला ती हवी होती गं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही. मलाच."

किशोरी म्हणाली, "असं बोलतोस तू. मला माहीत नव्हतं." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. प्रवासाहून आलेल्या माणसानं पिशवी खाली ठेवावी तशी ती बोलत होती. "आता ऐक. गुणाबाई आहेत अजून, दिसत कमी आहे, पण आवाज आहे. परवाच त्यांच्या नातवाचा फोन होता, हरेशचा. त्याचं लग्न आहे येत्या महिन्यात, मुलगी करंज्याची, अंकिता. मी त्याला विचारते. डीजे लागायच्या आधी, दुपारी, दोघांना पाटावर बसवू. गुणाबाई गातील. सगळे धवले परत मिळतील."

"आजी म्हणाल्या होत्या, आज सांगितलेला धवला उद्या तसाच येत नाही."

"त्या असं म्हणतातच. मी इतकी वर्षं ऐकते आहे, सुशांत. नावं बदलतात, एवढंच. गाणं तेच असतं." तिनं पुढे जोडलं, "आणि आपण तसंही ती नावं काढणारच होतो ना?"

"हो," तो म्हणाला. "काढणारच होतो."

"मग झालं तर. रडू नकोस."

"मी रडत नाही."

"बरं. टाइप करायला कुणीतरी लागेल. तुझ्याइतकं भरभर कुणाला जमत नाही. येशील?"

पहिल्यांदाच त्यानं विचार करायला वेळ घेतला नाही. "येईन." मग त्यानं विचारलं, "आणि तू?"

"मी असेन की. मी बाजूला बसेन." मिक्सर पुन्हा सुरू झाला. त्या आवाजावरून ती मोठ्यानं म्हणाली, "वाचलेली मेलनं पाठव, उद्या मग मी येत नाही. यायचं काही राहिलं नाही ना आता."

फोन ठेवल्यावर त्यानं दिवा लावला. उद्यासाठी त्यानं सकाळीच चादर बदलली होती आणि आल्याचा तुकडा आणून ठेवला होता, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं. तो मशीनपुढे बसला. वरचा बाण दाबला, पुन्हा दाबला. सकाळपासूनच्या सगळ्या कमांडी उलट्या क्रमानं समोरून गेल्या, आणि शेवटी ती पहिली आली. ती त्यानं अक्षर अक्षर वाचली. मग ती खोडली आणि एक नवी, कोरी फाइल उघडली. सगळ्या धवल्यांतल्या त्याला फक्त दोनच ओळी येत होत्या, आणि त्या येतात हेही त्याला आजच कळलं होतं. एक विमान खूप खालून गेलं आणि तावदानं थरथरली. त्यानं आवाज ओसरायची वाट पाहिली आणि मग लिहायला घेतलं. नवऱ्याच्या नावाच्या जागी त्यानं जागा मोकळी सोडली, आणि लिहिलं, नवरा गो बसला पाटावरी. खालच्या ओळीत पुन्हा तेवढीच जागा सोडली. नवरीची गो नजर दारावरी. दोन्ही मोकळ्या जागा त्यानं एकदा मोजून सारख्या केल्या, म्हणजे पुढच्या महिन्यात हरेश आणि अंकिता तिथे नीट बसतील, आणि फाइल जपून ठेवली.